गेटच्या खिडकीतून निवडलेले बॉलर

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, दोन कप चहा प्याले आणि म्हणाले, "नाना, साखर कारखान्यातल्या नोकरीवर लिहा. निवडणुका, उसाचा भाव, संचालकांची भांडणं, असं काहीतरी खमंग." मी म्हटलं, त्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे अजून निवडणुकीला उभे राहतात. मी लिहीन तर ओपनिंग बॉलरांवर लिहीन. संपादकांनी कप खाली ठेवला. निवृत्तीनंतर म्हाताऱ्याचं डोकं आंबलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

पण खरं तेच सांगतो. कोपरगाव तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी जन्मभर टाइमकीपर होतो, आणि माझ्या हातून थोर म्हणावी अशी एकच गोष्ट झाली. नवा चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हे उभ्या नगर जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पुण्या-मुंबईत कळत होतं की नाही, ते मी विचारायला गेलो नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. नुकसान त्यांचं झालं.

आता टाइमकीपर म्हणजे काय, ते ज्यांनी कारखाना फक्त एस.टी.च्या खिडकीतून बघितला त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्याच्या गेटला लागून एक खोली असते, तिला एक खिडकी असते, आणि त्या खिडकीत मी असतो. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना रात्रंदिवस चालतो, माणसं तीन पाळ्यांत येतात. पाळी बदलली की भोंगा होतो. आमचा भोंगा एवढा दणदणीत होता की येवल्याकडच्या कोंबड्यांनी पहाटे आरवणं सोडून दिलं. आपलं काम दुसऱ्याने घेतलं, असा त्यांचा समज झाला असावा. तर भोंगा झाला की माणसं खिडकीशी येणार, आपला पितळी बिल्ला घेऊन आत जाणार, आणि पाळी संपली की बिल्ला परत देऊन बाहेर पडणार. मी हजेरी लावणार. काम एवढंच. म्हणजे लोकांना वाटायचं एवढंच.

पण रोज शेकडो माणसं जाताना आणि येताना बघितली की डोळा तयार होतो. मला चेहरे लक्षात राहायचे नाहीत, चाली राहायच्या. कामावर जाणाऱ्याची चाल वेगळी, कामावरून सुटलेल्याची वेगळी. जाणारा आखडलेला असतो, त्याचे खांदे कानाला टेकलेले. सुटलेला दमलेला असतो, पण त्याचं अंग मोकळं असतं, हात लोंबत असतात, कंबर आपोआप हलते. शिवाय प्रत्येक खात्याची दमण्याची जागा निराळी. गव्हाणीवरचा, म्हणजे जिथे ऊस कारखान्याच्या तोंडात ढकलतात तिथला माणूस, पाठीत दमतो. बॉयलरवरचा गुडघ्यात दमतो. लॅबोरेटरीतला डोळ्यांत दमतो. आणि ऑफिसातला जिभेत दमतो, तोही क्वचित.

आमच्या भागातल्या कारखान्यांची दर हंगामात क्रिकेटची स्पर्धा व्हायची आणि चषकावरून अशी चुरस असायची की दोन कारखान्यांमधल्या सोयरिकी मोडल्याची उदाहरणं आहेत. आमच्या संघाचा मॅनेजर मी, निवड समिती मी, आणि मैदानावर पाण्याची बादली नेणाराही मीच. बादली मी मुद्दाम स्वतःकडे ठेवली होती. चालू सामन्यात कप्तानाला अक्कल पोचवायचा तो एकच कायदेशीर मार्ग होता.

इतर कारखाने बॉलर कसे निवडायचे? ज्याचा वेग जास्त तो. मग सामना रविवारी, आणि साहेब शनिवारी रात्रभर तिसऱ्या पाळीला! असा एक बॉलर मी रनअपमध्ये झोपलेला बघितला आहे. धावत होता आणि झोपलेला होता. अंपायरशी पोचला तेव्हा जागा झाला आणि त्याच्याकडे बिल्ला मागितला. लोक म्हणतात, नाना वाढवून सांगतात. असतील सांगत.

माझी रीत अशी. पाळ्या दर आठवड्याला फिरतात आणि त्यांचा तक्ता मी करायचो. कोणता बॉलर कोणत्या रविवारी ताजा पाहिजे, कोणता जरा दमलेला बरा, हे बघून मी पाळ्या फिरवायचो. कप्तान सोडला तर कोणाला सलग दोन सामने नवा चेंडू द्यायचा नाही, मधला सामना दुसऱ्याला. खात्याचे प्रमुख तक्रार करायचे की आमच्या माणसांच्या पाळ्या फिरतात का भिंगरी फिरते? मी म्हणायचो, साहेब, उत्पादनासाठी आहे. कशाचं उत्पादन, ते मी सांगत नसे.

या तक्त्याची ताकद एकदा आमच्या चेअरमनच्या भाच्याला कळली. हा भाचा पुण्याच्या कॉलेजातून आला, चार महिने शिकाऊ म्हणून राहिला आणि त्याला नवा चेंडू पाहिजे होता. बॉलिंग कशी, तर चेंडू सुटल्यावर फलंदाजापेक्षा पंचाने सांभाळून राहावं अशी. नाही म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "अवश्य! तुम्हीच ओपनिंग करा. फक्त त्याआधी कारखान्याचा सगळा अनुभव घ्या." आणि त्याला बॉयलरला तिसरी पाळी लावली. सामन्याच्या सकाळी तो माझ्या खिडकीशी आला, बिल्ला दिला आणि म्हणाला, "नाना, मला वाटतं मी फलंदाजच आहे." मी म्हटलं, मलाही पहिल्यापासून तसंच वाटत होतं.

आता मुख्य गोष्टीवर येतो. बहात्तर सालचा दुष्काळ. पाटाला पाणी कमी, ऊस कमी, कारखाना नेहमीपेक्षा कितीतरी आधी बंद होणार हे दिसत होतं. त्याचा फटका कोणाला? हंगामी कामगाराला. कारखान्यात दोन जातीची माणसं असतात, कायम आणि हंगामी. कायम असतो त्याचा पगार बारा महिने. हंगामी असतो तो गाळप संपलं की घरी, आणि त्या साली घरी म्हणजे खडी फोडायला.

माझ्याकडे तेव्हा ओपनिंगला तीन माणसं होती. पहिले कुलकर्णी. लॅबोरेटरीत केमिस्ट, आमचे कप्तान, मूळचे पुण्याचे. रसाची गोडी मोजायची आणि चेंडू वळवायचा, दोन्ही कामं एकाच नजाकतीने करायचे. एका बाजूने नवा चेंडू त्यांचा, हे ठरलेलं. त्याला कारण त्यांची कला, आणि दुसरं असं की बॅट, पॅड, चेंडू असलेली थैली त्यांच्या मालकीची होती.

प्रश्न दुसऱ्या बाजूचा. तिथे दोघं, आणि दोघंही हंगामी. एक हौशीराम. गव्हाणीवरचा गडी, पारनेरच्या कोरड्या डोंगरातून आलेला. हात असे की मोळी उचलताना ऊसच घाबरायचा. त्याचा चेंडू विकेटकीपरच्या ग्लोव्हजमध्ये बसला की मागच्या बाजूला बसलेली कबुतरं उडायची. दुसरा जगन्नाथ, त्याला सगळे जग्गूदादा म्हणत. बॉयलरवर फायरमन. वेग बेताचा, पण चेंडू भट्टीत चिपाड टाकावं तसा त्याच जागी, त्याच मापाने, दिवसभर. फलंदाज बाद नाही झाला तरी कंटाळून जायचा.

त्या साली आम्ही अंतिम सामन्यात पोचलो आणि आमचे चेअरमन अण्णा गेटसमोर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चषक आना. ज्यो बॉलर चषक आनील त्या हंगामी गड्याला म्या कायम करतो. जागा एकच हाय, पर शब्द पक्का!"

टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. कारण नवा चेंडू ज्याला मिळेल, विकेटी त्याला मिळणार. म्हणजे कायम कोण होणार हे मी ठरवणार!

हौशीरामचं लग्न ठरत आलं होतं, आणि ते अडलं होतं एका माणसापाशी. होणारे सासरे धोंडीबा. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगं चांगलं हाय. पर हंगामी हाय. हंगामात पोरगी नांदंल, मंग बाकीचं वरीस काय माझ्या दारात बसंल व्हय? कायम झाला की नारळ." जग्गूदादाचं लग्न झालेलं, तीन लेकरं, आणि गाळप लवकर संपणार हे त्यालाही कळत होतं. तो एकदा बिल्ला देताना म्हणाला, "नाना, हौश्याला बायको पायजे म्हनून त्याचं बघाल. मला हाय ती पोसायचीय, तेवढं ध्यानात ठेवा." हसत म्हणाला. पण खिडकीतून हात जरा उशिराच मागे घेतला.

मी दोघांच्या चाली चार दिवस बघितल्या. समोरच्या संघाचे सलामीचे दोन फलंदाज दांडगे होते, आणि सामना चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर. चटईवर नवा चेंडू उसळतो. बुद्धीने कौल दिला: नवा चेंडू हौशीरामला, जुना जग्गूदादाला. हे मी जग्गूदादाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "बरं. मंग शनिवारी मला तिसरी पाळी लावा."

"अरे, अंतिम सामन्याच्या आधी तिसरी पाळी?"

"मला सवय हाय. घरी झोपलो तर लेकरं अंगावर नाचत्यात. बॉयलरवरच बरं."

लावली. हौशीरामच्या बाबतीत मात्र आम्ही सगळ्या कारखान्याने मिळून लाड केले. एवढा मोठा सामना, पोराच्या पाठीला आराम पाहिजे, म्हणून मी त्याला आठवडाभर गव्हाणीवरून काढून गोदामात हलकं काम दिलं. बारदानाच्या गठ्ठ्यावर बसायचं आणि पोती मोजणाऱ्याकडे बघायचं. कॅन्टीनवाल्याने अंडी पाठवली. गुऱ्हाळवाल्याने गूळ पाठवला. शनिवारपर्यंत पोरगं असं तुकतुकीत झालं की कुलकर्णी म्हणाले, "नाना, याला खेळवायचं आहे की बोहल्यावर चढवायचं आहे?" मी म्हटलं, एकातून दुसरं होणार आहे.

सामना त्यांच्या मैदानावर. कोणता कारखाना ते सांगत नाही, त्यांचे जुने लोक अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. मैदानाच्या एका अंगाला त्यांचा गाडीअड्डा. उसाने भरलेल्या बैलगाड्या काट्यावर वजनाला जायची वाट बघत ओळीने उभ्या, बैल सोडून वैरणीला लावलेले. आम्ही पहिल्यांदा खेळलो आणि कसेबसे शंभरीच्या आसपास पोचलो. त्यातल्या निम्म्या धावा कुलकर्ण्यांच्या आणि बऱ्याचशा देवाच्या.

मग आमची बॉलिंग. मांडवात माझ्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला धोंडीबा. धोंडीबांना क्रिकेटचं ओ की ठो कळत नव्हतं. आल्यापासून त्यांचा एकच प्रश्न होता.

हौशीरामने पहिला चेंडू टाकला. तो फलंदाजाच्या डोक्यावरून, विकेटकीपरच्या डोक्यावरून थेट मांडवात आला आणि अण्णांच्या पायाशी थांबला.

धोंडीबा उठून उभे राहिले. "झाला का कायम?"

"बसा धोंडीबा," अण्णा म्हणाले. "हा वाइड हुता."

दुसरा वाइड. तिसरा वाइड. चौथा सरळ गेला, पण फलंदाजाने तो गोदावरीत टाकला, आणि गोदावरी तिथून बरीच लांब आहे. दोन ओव्हरींत आमच्या शंभरातला चांगला लचका गेला. मी बादली उचलून मैदानात धावलो. कुलकर्णी लाल झाले होते. "अहो नाना, हा काय प्रकार आहे? याचे चेंडू माझ्या विकेटकीपरला दिसतसुद्धा नाहीयेत!"

हौशीराम रडकुंडीला आलेला. "नाना, ह्यो हात माझा न्हाईच. कोना दुसऱ्याचा लावलाय जनू."

"जग्गूला द्या," मी कुलकर्ण्यांना सांगितलं. जग्गूदादा बॉयलरवरून सरळ ट्रकमध्ये बसून आलेला, अंगाला अजून भट्टीची ऊब. त्याने चेंडू घेतला आणि ठरलेल्या जागी टाकायला लागला. धावा आटल्या. पण विकेटी पडेनात. असंच चाललं असतं तर ते हळूहळू, चहा पीत, जिंकले असते.

मी बादली घेऊन सीमारेषेवर उभा राहिलो आणि हौशीरामकडे बघत बसलो. ओव्हर संपली की तो या टोकाचा त्या टोकाला जायचा. खांदे कानाला टेकलेले. कंबर लाकडासारखी. ही चाल मी कुठेतरी बघितली होती! आणि एकदम उजेड पडला. वर्षातून एकदाच ही चाल दिसते, गाळपाच्या पहिल्या दिवशी, जेव्हा माणसं घरी बसून बसून आखडून परत येतात. पोरगं कामावर निघाल्यासारखं चालत होतं. त्याचे सगळे चांगले सामने कामावरून सुटल्यावरचे होते!

कारखान्यातल्या माणसाने हे विसरावं? चालती मिल बंद ठेवली की पाइपातला रस आंबतो, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत. आणि मी, उभ्या जिल्ह्यातला शहाणा, आठवडाभर मिल बंद ठेवून वर अंडी खाऊ घालत होतो.

मी हौशीरामला खूण करून बाहेर बोलावलं, बदली खेळाडू आत पाठवला आणि त्याला दंडाला धरून गाडीअड्ड्यात नेलं. पहिल्याच गाडीपाशी थांबलो.

"उतरव."

"काय?"

"गाडी उतरव. सगळी."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, सदरा काढला आणि पहिली मोळी खांद्यावर घेतली. गाडीवान सावलीला बसला होता, तो धोतर सावरत आला. "ओ मास्तर! माझा ऊस का काढता? अजून काट्यावर जायचाय!"

"परत भरून देतो."

"मंग काढता कशापायी?"

"बॉलिंगसाठी."

गाडीवानाने आपल्या बैलांकडे बघितलं. त्यांनाही काही सुचेना.

लोकहो, मी गव्हाणीवरचे गडी जन्मभर बघितले, पण तसं काम पुन्हा बघितलं नाही. माझ्या तोंडातलं पान रंगेपर्यंत गाडी रिकामी झाली आणि दुसरं रंगेपर्यंत परत भरून तयार! सुरुवातीला तो मोळी ढकलत होता. निम्म्यावर आल्यावर घाम फुटला, पाठ सुटली, आणि भरताना तर मोळ्या नुसत्या हवेत जाऊन आपापल्या जागी बसत होत्या. शेवटची मोळी टाकून तो वळला, हात लोंबत होते, कंबर हलत होती.

मी म्हटलं, "सुटली पाळी. चल."

गाडीवान गाडीला हात लावून बघत राहिला. "हे तर पयल्यापेक्षा टाइट भरलं की हो!"

मैदानात शिरताना पंचांनी अडवलं. ते एका हायस्कूलचे क्रीडाशिक्षक, नियमाला कडक. "कुठे गेला होता हा?"

"पोट बिघडलंय सर."

"मग इतका घाम?"

"फार बिघडलंय सर."

कुलकर्ण्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी चेंडू हौशीरामला दिला. पहिल्याच चेंडूवर मधला स्टंप उडाला. तो गाडीअड्ड्यात त्याच गाडीत जाऊन पडला असं गाडीवान पुढे कित्येक वर्षं सांगत असे. मी एवढंच म्हणतो की स्टंप परत मिळाला तेव्हा त्याला उसाचा वास येत होता. मग एकेक जण यायला लागला आणि जायला लागला. एका बाजूने जग्गूदादा श्वास घेऊ देत नव्हता, म्हणून दुसऱ्या बाजूने ते हौशीरामवर धावून जायचे आणि परत जायचे. धोंडीबा दर विकेटला उठत होते, "झाला का कायम?", आणि अण्णा आता त्यांना बसा म्हणायचं विसरले होते. शेवटचा फलंदाज हौशीरामच्या चेंडूवर उंच मारून बसला, आणि त्या चेंडूखाली कोण? जग्गूदादा. त्याने तो झेल लेकरू झेलावं तसा छातीशी धरला.

जिंकलो! आणि तिथेच पंचाईत झाली.

अण्णा चषक काखेत मारून मांडवात उभे, समोर दोघे बॉलर. अण्णा म्हणाले, "म्या एकाचा शब्द दिल्ता. तुमी दोघं कुटनं आलात?" मग माझ्याकडे वळले. "नाना, बॉलर तुमी निवडता ना? मंग निवडा."

मी तोंड उघडलं. तोंडात पान होतं, ते थुंकायला बाजूला वळलो. जग्गूदादा म्हणाला, "अण्णा, ह्यालाच करा. ह्याची सोयरीक मोडंल. माझं पुढल्या साली बघा."

हौशीराम म्हणाला, "न्हाई अण्णा. जग्गूदादानं धरून ठिवलं म्हनून मला गावलं. त्याला तीन लेकरं हायती."

"आरं, एकमेकाला देता काय!" अण्णा वैतागले. "आमच्या संचालक मंडळात असं कधी बघितलं न्हाई. आता म्या काय करू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. धोंडीबा तर असे, जणू मी पंचांग आहे. हौशीरामचं नाव घ्यावं तर तीन लेकरं दिसत होती, जग्गूचं घ्यावं तर न फोडलेला नारळ दिसत होता. एवढ्यात मांडवाच्या दारात गलका झाला. त्यांच्या गाडीअड्ड्याचे सुपरवायझर बापूसाहेब, मिशा पिंजारलेल्या, मागे तो गाडीवान.

"माझ्या अड्ड्यात गाडी कोनी उतरवली?"

गेलं सगळं, मला वाटलं. तक्रार होणार, सामना रद्द होणार. मी पुढे झालो. "मी सांगितलं होतं. चूक असेल तर माझी."

"तुमी सांगितली आसंल. हातानं कोनी उतरवली?"

हौशीराम पुढे आला. बापूसाहेबांनी त्याचे हात उलटे-सुलटे करून बघितले, बाजारात बैलाचे दात बघावेत तसे. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "आमची ऊस उतरवायची क्रेन दिसाआड बंद पडती. मंग एका गाडीला चार गडी लावतो तरी बैलं उभ्या उभ्या म्हातारी हुत्यात. ह्यो गडी तुमच्याकडं कायम हाय का?"

अण्णा म्हणाले, "त्येच तर चाललंय."

"मंग तुमचं चालू द्या. आमच्या चेअरमनला इचारूनच आलोय. आमी ह्याला कायम घेतो."

धोंडीबा उठले. "झाला का कायम?"

"झाला," बापूसाहेब म्हणाले.

"कोनत्या कारखान्यात?"

"ह्या."

धोंडीबांनी क्षणभर विचार केला. "साखर तीच ना? मंग चालंल."

मांडवात असा हशा उठला की बैल बुजले. हौशीराम मात्र हसला नाही. तो माझ्याजवळ आला. "नाना, जाऊ का? पुढल्या साली तुमच्याइरुद्ध टाकावं लागंल."

माझ्या डोळ्यांपुढे पुढल्या साली उडणारे आमचे स्टंप दिसले. खोटं कशाला बोलू, नको जाऊ म्हणावंसं वाटलं. असा बॉलर जन्मात एकदा मिळतो. पण ज्याचं पोट हंगामावर आहे त्याला बारा महिन्यांचं गेट उघडं दिसत असताना खिडकीतल्या माणसाने मध्ये हात घालायचा नसतो. मी म्हटलं, "जा. आणि एक ध्यानात ठेव. सामन्याच्या आधी आराम करू नको."

असं मीच त्याला सांगितलं. हत्यार दिलं आणि वर धारही लावून दिली.

आम्ही ट्रकने परत निघालो. जग्गूदादा कायम झाला होता, चषक त्याच्या मांडीवर होता. कोपरगावच्या पुलाशी आल्यावर अण्णा म्हणाले, "चषक आनला आन बॉलर देऊन आला. ह्यो कोनता व्यवहार, नाना?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही एकाला कायम करणार होता. दोघं झाले, आणि एकाचा पगार दुसरा कारखाना देणार. सहकार म्हणतात तो यापेक्षा वेगळा असतो का?"

अण्णा पुढच्या निवडणुकीच्या भाषणात हे वाक्य वापरत होते. माझं नाव न घेता.

पुढच्या साली गाठ पडली ती आमच्या मैदानावर. मी कच्चा माणूस नाही. ऊसखात्याला सांगून त्या रविवारी आमचा गाडीअड्डा सकाळीच रिकामा करवला. टिपराएवढा ऊस कुठे ठेवला नाही. त्यांची गाडी आली. हौशीराम उतरला, मागे नवी नवरी, हिरवा चुडा, आणि तिच्या मागे धोंडीबा, आता क्रिकेट कळतं अशा थाटात. हौशीराम माझ्या खिडकीशी आला, वाकून नमस्कार केला आणि अड्ड्याकडे नजर टाकली.

"नाना, गाडी न्हाई व्हय?"

"नाही बाबा. आज सुट्टी."

"बरं," तो म्हणाला, आणि इकडेतिकडे बघत मैदानावर गेला.

तिथे आमचे गडी खेळपट्टीवर लोखंडी रोलर ओढत होते. तो रोलर हलवायचा म्हणजे अर्धी पाळी लागायची आणि मागून कोणीतरी शिव्या द्याव्या लागायच्या. हौशीरामने सदरा काढून नवरीच्या हातात दिला, गड्यांना बाजूला केलं आणि दांडा एकट्याने धरला. आमची खेळपट्टी, आमचा रोलर, आणि आमची माणसं सावलीला बसून त्याला वाहवा देत होती.

मी खिडकी सोडून बाहेर आलो. रोलर या टोकाला गेला, त्या टोकाला आला, परत गेला. मग त्याने दांडा खाली ठेवला आणि तोंड पुसत मांडवाकडे निघाला. हात लोंबत होते. कंबर हलत होती.

शेजारी कुलकर्णी ओपनिंगला जायची तयारी करत होते. मी म्हटलं, "कुलकर्णी, पॅड जरा घट्ट बांधा."

"का हो नाना?"

"तो कामावरून सुटलेला दिसतोय."